गजू, मंठ्याचं कार्ड बसलं

गजू, तुझं पार्सल आलं.

कुरिअरवाला फाटकात उभा राहून तुझ्याच नावाने हाका मारत होता. ओट्यावर चपलांचा ढीग, आत सतरंज्यांवर माणसं, आणि हा आपला “गजानन कोण आहेत, गजानन?” करतोय. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तुझ्या मावशीने पदर डोळ्यांना लावला. विष्णूभाऊजी त्याला बाजूला घ्यायला उठले, तेवढ्यात मी आतून आले आणि म्हणाले, “द्या इकडे.” खोकं हातात घेतलं आणि वजनावरूनच कळलं, मंठ्याच्या जिनिंगमधल्या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड. दसऱ्यानंतर तू मागवलेलं, आज येईल उद्या येईल म्हणून रोज वाट बघितलेलं. आलं ते असं.

मला त्या कुरिअरवाल्याचा राग आला, कार्ड पाठवणाऱ्याचा आला, आणि तुझा तर फारच आला. छातीत भरून आलं होतं तर दुकानात दिवसभर मशीन उघडून कशाला बसलास? वर मला म्हणालास, “ॲसिडिटी हाय गं, मने.” माणसाने मशीनची एवढी काळजी घ्यावी आणि स्वतःच्या बाबतीत एवढं ढ असावं, हे मला अजून पटत नाही. हे भांडण मी सोडलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

आपल्याकडे माणूस गेलं की लोक बसायला येतात. येतात, टेकतात, कसं झालं म्हणून विचारतात. मी सांगते. ते उठतात, दुसरे येतात, मी परत पहिल्यापासून सांगते. सगळे बसलेत, मलाच बसता येत नाही. पाण्याचे तांबे भरायला घेते तर कोणीतरी हातातून काढून घेतं. गच्चीवर जाते तर मागोमाग एखादी मामी येते, मी उडीबिडी मारीन या धास्तीने. तुझा खण उघडून स्क्रूड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत लावते, मोडते, परत लावते. विष्णूभाऊजींची बायको कळवळून म्हणाली, “ताई, एका जागी बसा की वं जरासं.” बस म्हटल्यावर बसायला मी काय कार्ड आहे?

आणि कार्ड तरी कुठे म्हटल्याबरोबर बसतं. आपल्या संसारातली निम्मी भांडणं त्या एका शब्दावर झाली. वाटणी ठरलेली होती. कार्ड तुझं, ड्रायव्हर माझे. जालन्याच्या त्या क्लासमध्ये तू हार्डवेअरच्या बाकावर होतास आणि मी सॉफ्टवेअरच्या, तेव्हापासूनची ही वाटणी. तू मशीन उघडून कार्ड खाचेत दाबणार, मी विचारणार, “बसलं का?” तू मान वर न करता, “बसलं.” मग मी माझ्या बाजूने बघणार, तर मशीनला कार्डाचा पत्ताच नाही. “बसलं नाहीये, गजू.” “बसलंय. तुझा ड्रायव्हर चुकला.” “ड्रायव्हर बरोबर आहे, तुझंच कार्ड तिरकं आहे.” गिऱ्हाईक बिचारं चहाचे कप घेऊन उभं, आणि आपण दोघं एका पत्र्याच्या डब्यावर डोकं घालून कचाकचा भांडतोय. शेवटी तू झाकण काढायचास, अंगठ्याने एकदा दाबायचास, आणि कार्ड दिसायला लागलं की म्हणायचास, “बघ, ड्रायव्हर सुधरला.” एकदाही कबूल केलं नाहीस.

हे मी तुला ‘तू’ म्हणून लिहितेय. आईंसमोर ‘अहो’ आणि मशीन उघडलं की ‘तू’, असा आपला रिवाज. बाहेरच्या खोलीत अजून माणसं आहेत. पण मी आतली कडी लावून घेतलीय, तेव्हा मशीन उघडलंय असं समज.

ड्रायव्हरवरून आष्टीला झालेला गोंधळ आठवतो? लग्नानंतर मी पहिल्यांदा तुझ्या गावी गेले होते. पारावर कोणीतरी तुला विचारलं, सूनबाई काय करते? तू आपल्या नादात सांगून बसलास, “ड्रायव्हरचं समदं तीच बघती.” दिवस मावळायच्या आत अर्ध्या आष्टीत झालं की गजाननची बायको जीप चालवते. दुसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा काठी टेकत दारात हजर. “सूनबाई, मला परतूरला दवाखान्यात जायचंय. तुमची गाडी कवा निघती?” तू हसून हसून खांबाला धरून बसलास. आईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. “खरं सांग मला. काय चालवतीस तू?”

मी त्यांना सांगितलं ते तुला फार आवडलं होतं. म्हटलं, आई, कार्ड म्हणजे नवी सून. घरात आणून बसवली म्हणजे झालं असं नसतं. तिला या घरची रीत कळायला लागते, कोणाला काय म्हणायचं, कोणाचं ऐकायचं. मशीनला आणि कार्डाला एकमेकांची भाषा जो शिकवतो तो ड्रायव्हर. आई म्हणाल्या, “मंग या घरातला डायवर मीच की.” तेव्हापासून आपण दोघं त्यांना पाठीमागे काय म्हणत होतो ते त्यांना माहीत आहे बरं का. परवा त्यांनीच मला सांगितलं.

तुझे उपकार मानायचे राहिले. तोंडावर मानले असते तर तू थट्टा केली असतीस, म्हणून आत्ता मानते. वडीगोद्रीला हायवेवरच्या त्या हॉटेलात बिलाचं मशीन बंद पडलं होतं. मी आत गेले तर मालक माझ्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, “सर कवा येतेत?” तू बाहेर गाडीवर होतास. सगळं ऐकू येत होतं तुला, तरी आत आला नाहीस. तिथूनच ओरडून म्हणालास, “सर आत गेल्या की आत्ताच.” आणि दुसरीकडे तोंड करून शेंगा खात बसलास. मशीन चालू करून मी बाहेर आले तेव्हा मालक मागून पाणी घेऊन आला होता. तू गाडीला किक मारलीस. मी मागे बसले. आपण एवढं भांडणारी माणसं, चांगलं बोलायची वेळ आली की दोघांचीही दातखीळ बसायची.

आता मंठ्याचं.

कापसाच्या जिनिंगमधला तो सर्व्हर म्हणजे तुझं लाडकं लेकरू. एका खोलीत तो, आणि बाहेर वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर त्याला केबलने जोडलेला. गाडी काट्यावर चढली की वजन सर्व्हरमध्ये जातं आणि पावती निघते. तू मशीन उघडण्याआधी त्याच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवायचास. अंगावरची वीज पत्र्यात उतरून जावी म्हणून, नाहीतर नाजूक कार्डाला तेवढा झटका पुरतो. आणि तुला घाम फार. त्यामुळे तोच हात पुढे कपाळाला. जिनिंगच्या माणसांनी हे बघितलं. सर दर वेळी पहिल्यांदा सर्व्हरला हात लावून नमस्कार करतात, असं त्यांनी धरलं. मग चपला दाराबाहेर निघायला लागल्या. खिडकीत अगरबत्ती आली. येणारा-जाणारा प्रत्येक जण पत्र्याला हात लावून कपाळाला लावायला लागला. मॅनेजर तौरकाका तर नव्या माणसाला दटावून सांगायचे, “आधी सरवरला पाया पड.”

मी तुला म्हटलं, सांग त्यांना. हसं होतंय. तू म्हणालास, “कामून सांगू? देव मानतेत म्हणून त्याच्यावर चहाचा कप ठेवत न्हाईत.” ते खरंच होतं. त्यांचा आधीचा सर्व्हर एका बशीभर चहाने गेला होता. मी म्हटलं, अगरबत्तीची राख पंख्यात जाते त्याचं काय? तू म्हणालास, “ती पुसता येती. चहा पुसता येत न्हाई.” वर्षानुवर्षं आपण हेच भांडलो. वाटूर फाट्यावर भजी खाताना हमखास हा विषय निघायचा.

आणि यंदा खंडेनवमीला त्यांनी जिनिंगच्या सगळ्या मशीनांबरोबर सर्व्हरचीही साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नारळ फोडला तो टेबलाच्या कोपऱ्यावर, सर्व्हरच्या पाठीशी. जिथे केबल घालतात नेमकं तिथे पाणी गेलं. फोन आला तेव्हा तौरकाकांचा आवाज रडवेला झाला होता. “सर, देवानं परसाद घेतला अन् लाइट गेली त्याची.” मशीन वाचलं, नेटवर्कचा भाग कायमचा गेला. तू एकटाच जाऊन यूएसबीला एक लटकतं, तात्पुरतं कनेक्शन लावून आलास आणि नवीन कार्ड मागवलंस. घरी आल्यावर मी सोडलं नाही तुला. “आता तरी सांगशील का?” तू म्हणालास, “बघू.” तुझं ‘बघू’ म्हणजे भिंत. त्या दिवशी तिथेच थांबलं आपलं बोलणं.

कार्ड घरी आलं त्याच दिवशी विष्णूभाऊजी आईंजवळ हळू आवाजात बोलत होते. मी दाराआड होते, पण माझे कान तुला माहीत आहेत. “दुकान देऊन टाकू कुनालातरी. वैनी एकट्या कुठं कुठं फिरत्याल?” त्यांच्या मनात वाईट नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं की जिनिंगवाल्यांनी संभाजीनगरची एक पार्टी बोलावलीय. तुझं लटकतं कनेक्शन घडीघडी तुटत होतं, आणि मला मात्र त्यांचा एकही फोन नाही. मंठ्याचं काम गेलं की परतूरचं जाणार, वडीगोद्रीचं जाणार. सगळे एकमेकांना ओळखतात. ‘ते गेले, आता बाईमाणसाला काय जमतंय’ एवढं एक वाक्य फिरलं की दुकानाचं शटर ओढायला मला विष्णूभाऊजींचीही गरज लागणार नाही. आणि दुकान गेलं की मी काय करायचं, गजू? आयुष्यभर सतरंजीवर बसू?

काल सकाळी कार्ड पिशवीत टाकलं. पेनड्राइव्हवर ड्रायव्हर घेतला. तिथे गेल्यावर नेटवरून काढू म्हणावं तर नेट चालू करायलाच तो ड्रायव्हर लागतो, हा धडा आपण दोघांनी एकदाच घेतला आणि जन्मभर पाळला. तुझा मधला स्क्रूड्रायव्हर घेतला. बाहेर आले तर विष्णूभाऊजी फाटकात.

“वैनी, दहावा व्हायचाय अजून. सुतकात कुठं चालल्या?”

“मंठ्याला.”

“लोक काय म्हनतील?”

मी काही बोलायच्या आत आतून आईंचा आवाज आला. “लोक येतेत अन् बोलून जातेत. जाऊ दे तिला. हितं काय करून राह्यली ती? नुसती खोलीभर फिरून राह्यली, माझं डोकं गरगरतं बघून.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जा. पन डबा ने. अन् जल्दी ये.” तुझी आई माझ्याशी जेवढी भांडली तेवढी जगात कोणी भांडली नसेल, तू सोडून. काल त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण डबा घेतला आणि निघाले.

एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना शेतात कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या पाठी दिसत होत्या. वाटूर फाट्याला गाडी थांबली, भज्यांचा वास आत आला. सगळे उतरले, मी नाही उतरले. पायात मुंग्या येत होत्या, मी पाय हलवत राहिले. शेजारची बाई म्हणाली, “बरं वाटून न्हाई राह्यलं का?” मी म्हटलं, कामाची घाई आहे. खरं म्हणजे भीती वाटत होती. कार्ड मी आयुष्यात कधी बसवलं नव्हतं. बसवताना बघितलं होतं, चुका काढल्या होत्या.

जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॉल्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या. काट्यावर हाताने पावत्या फाडणं चालू होतं. तौरकाका मला बघून उभेच राहिले. खांद्यावरचा गमचा काढला, हातात घेतला, परत खांद्यावर टाकला.

“ताई, तुमी? अवो, या, बसा. चहा सांगतो.”

“सर्व्हरचं कार्ड आणलंय. खोली उघडा.”

“आज न्हाई, ताई. आज नगं.”

“का?”

“सुतक हाय तुमाला.”

गजू, मला जे काही झालं ते मी सांगू शकत नाही. इतक्या वर्षांचं तुझ्यावरचं सगळं त्या माणसावर निघालं. म्हटलं, काका, ते देव नाहीये. त्याला सुतक लागत नाही, विटाळ होत नाही. आमचे हे नमस्कार करत नव्हते, अंगातली वीज उतरवत होते. तुम्ही समजलात नमस्कार. तुमच्या त्या नमस्कारापायी नारळ फुटला आणि नारळापायी हे सगळं झालं. आवाज चढला असणार माझा, काट्यावरची माणसं वळून बघत होती.

तौरकाकांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, “म्हाईत हाय आमाला, ताई. सरांनीच सांगितल्तं.”

“कधी?”

“त्ये लटकतं बसवाया आल्ते तवा. समद्यांना बोलावून सांगितलं. म्हनले, माझी घरवाली बराबर म्हनत होती, मी आधीच सांगाया पाह्यजे होतं.”

तू कबूल केलंस. माझ्यामागे, मंठ्याला, कापसाच्या धुळीत उभा राहून माझं बरोबर होतं असं सगळ्यांना सांगितलंस, आणि घरी येऊन मला म्हणालास ‘बघू’. असा कसा रे तू? एकदा, फक्त एकदा माझ्या तोंडावर हरला असतास तर काय बिघडलं असतं? मला त्या क्षणी तुला गदागदा हलवायचं होतं. आणि इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं मी इथेच रडेन.

“मग सुतकाचं काय काढलंत?” मी विचारलं.

“त्ये सरवरचं न्हाई, ताई. तुमचं.” त्यांनी मान खाली घातली. “घरात एवढं झालं अन् आमी तुमाला कामाला बोलावनार? तोंड कसं दाखवावं मानसानं? म्हनून फोन न्हाई केला. त्या संभाजीनगरवाल्यास्नी बोलावलं. ते उद्या येनार, समदंच बदलून टाकू म्हनून राह्यले.”

“मला काम द्या, काका,” मी म्हटलं. “घरी बसून मी मरून जाईन.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि कमरेची किल्ली काढली.

दाराबाहेर अजूनही चपला काढतात. मीही काढल्या. खिडकीतली अगरबत्ती मात्र गेलीय. मी मशीन बंद केलं, वायरी काढल्या, तुझं लटकतं कनेक्शन काढून पिशवीत टाकलं, झाकण उघडलं. पत्र्याला बोटं टेकवली. तौरकाकांनीही टेकवली आणि हात कपाळाला लावला. मी बघितलं तसे ओशाळले. “आता हात लावायचाच हाय तर म्हटलं नमस्कार बी होऊन जाईल,” म्हणाले. तू असतास तर माझ्याकडे बघून डोळे मिचकावले असतेस.

कार्डाला मागे एक छोटी पट्टी होती, बुटक्या मशीनसाठीची. आपल्या मशीनला उंच पट्टी लागते. ती खोक्यात वेगळी दिलेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हाताला माहीत नव्हतं. स्क्रू पडला, पंख्याजवळ जाऊन बसला. काढताना नखं काळी झाली. पट्टी बदलली, कार्ड खाचेवर धरलं, दाबलं. किती दाबायचं असतं, गजू? तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं त्यात सांगण्यासारखं काय आहे.

झाकण न लावता मशीन चालू केलं. ड्रायव्हर टाकला. मशीन म्हणालं, कार्डच नाही.

आणि माझ्या तोंडून गेलं, “बसलं नाहीये तुझं.” मोठ्याने. खोलीत तौरकाका सोडून कोणी नव्हतं. ते दाराच्या बाहेर जाऊन उभे राहिले, मला पाठमोरे.

काल कार्डही माझं होतं आणि ड्रायव्हरही माझाच. दोष द्यायला समोर कोणी नाही. भांडायला माणूस नसलं की घर मोकळं होतं असं नाही रे, नुसतं ऐकू येणं बंद होतं. मी थोडं रडले. नाक पुसलं. मशीन बंद केलं, वायरी काढल्या, पत्र्याला हात लावला आणि कार्ड बाहेर काढून परत ठेवलं. या वेळी दोन्ही अंगठे टेकवले आणि चिडून दाबलं. बसलं. आवाजबिवाज काही झाला नाही, पण हाताला कळलं. तू मान वर न करता ‘बसलं’ म्हणायचास ते कशावरून म्हणायचास हे मला काल समजलं. आणि त्यातली निम्मी वेळ तू धडधडीत थापा मारत होतास हेही समजलं.

मशीन चालू केलं. कार्ड दिसलं. ड्रायव्हर बिनबोभाट बसला. केबल घातली तसा मागचा हिरवा दिवा लागला. आता एकच राहिलं होतं, कार्डाला पत्ता द्यायचा. काट्यावरचा कॉम्प्युटर सर्व्हरला ज्या नंबरावर शोधतो तो. पहिल्यापासून चालत आलेला नंबर, तोच तू त्या लटकत्या कनेक्शनलाही दिला होतास. मी तो टाकला आणि ओके केलं.

मशीनने एक चौकट पुढे केली. ही चौकट मी कितीतरी ठिकाणी बघितलीय, पण कधी वाचली नाही. ‘हो’ दाबायचं आणि पुढे जायचं. काल वाचली. तौरकाका आत येऊन मागे उभे होते.

“काय म्हनून राह्यलं त्ये, ताई?”

मी त्यांना मराठीत सांगितलं. “हा पत्ता आधीच दुसऱ्या एका कनेक्शनच्या नावावर आहे म्हणतं. ते आता या मशीनमध्ये नाही. तर त्याची नोंद काढून टाकायची का, असं विचारतंय.”

“म्हंजी सरांनी लावल्तं त्ये?”

“हो, तेच.”

“मंग राहू द्या की. काय खातंय का आपलं?”

“राहिलं तरी चालतं. फक्त ते परत आलं तर एकाच पत्त्यावर दोघं होतील आणि गोंधळ होईल.”

तौरकाकांनी पडद्यावरच्या चौकटीकडे वाकून बघितलं. बाहेर ट्रॉल्यांचे हॉर्न वाजत होते.

“पन त्ये परत येनार हाय का?” त्यांनी विचारलं.

कनेक्शनबद्दलच विचारत होते बिचारे. इतक्या दिवसांत इतकी माणसं येऊन बसून गेली, गजू. सगळ्यांनी कसं झालं ते विचारलं. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

“न्हाई,” मी म्हणाले. “येनार न्हाई.”

हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मग मी ‘हो’ दाबलं.